राबाखालची माती

राब पेटवायच्या आधी ढिगावर काठी मारायची असते. तीन वेळा. आणि मोठ्यानं सांगायचं असतं, "उठा रे बाबांनो, आग येतेय."

सुंदराला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

तिचं माहेर मुरबाडच्या पलीकडचं. तिकडे बायका कवळं डोक्यावरून आणून टाकायच्या, म्हणजे झाडाच्या तोडलेल्या फांद्यांचे भारे, आणि मागं व्हायच्या. शेण, कवळं, पाला, गवत, वर माती असा थर रचून जाळायचा, हाच राब, आणि त्या भाजलेल्या तुकड्यावर पुढे भाताचं बी पेरून आवण, म्हणजे लावणीची रोपं, काढायची. पण काडी लावायची ती बाप्यांनी. इथं तानसाच्या रानाला लागून असलेल्या या गावात लग्न होऊन दीड वर्ष झालेलं, नवरा कान्हा आटगावच्या लाकडाच्या वखारीवर, आठवड्यातून एकदा घरी. सासू गुणाबाईचा गुडघा सुजलेला. त्या दिवशी सकाळी गुणाबाई म्हणाली, "वारा पडलाय. पेटव जा."

एवढंच म्हणाली. काठीचं बोलली नाही, कारण ते कोणी बोलतं का? जेवायच्या आधी तोंड उघड असं कोणी सांगतं का?

ढीग अर्धा जळाला आणि कोपऱ्यातून एक फांदी बाहेर आली. जाड, मातकट, मुसळाच्या तुकड्याएवढी. सुंदराला वाटलं निखारा घरंगळला. मग फांदी वळली.

मांडूळ होतं.

तिनं विळ्याच्या पाठीनं त्याला बाहेर ओढलं, हंड्यातलं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. एका अंगाला वीतभर भाजलं होतं. तिथले खवले जळक्या कागदासारखे उचलले होते. मांडूळ चावत नाही, विष नाही, सगळ्यांना माहीत.

गुणाबाई लंगडत आली. बघितलं. मटकन बांधावर बसली.

"काठी मारलीस?"

"कसली काठी, आत्या?"

गुणाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. गुडघा चोळत बसली.

"राखण्या हाय तो," ती म्हणाली. "तुझ्या सासऱ्याच्या बापाच्या टायमापासून या तुकड्यात मांडूळ हाय. म्हणून आपल्या आवणाला उंदीर नाय लागत. मना माझ्या सासूनं सांगितलेलं, पहिली मूठ टाकायची ती राखण्या जागेवर असताना. औंदा तुझी पाळी व्हती."

"व्हती?"

"हा जगला, आपल्या पायांनी परत गेला..." इथं गुणाबाईच थांबली. "पाय नायत त्याला. पण गेला परत, तर पेरणी तुझ्या हातची. नाय तर माझी. पुढच्या वर्षी पण माझीच."

आता हे काय मोठं, असं वाटेल. पण त्या घरात बियाण्याची कणगी होती, माजघराच्या कोपऱ्यात, शेणानं लिंपलेली. जिनं पहिली मूठ टाकायची तिनंच त्या कणगीचं झाकण काढायचं. दीड वर्ष सुंदरा त्या कणगीच्या भोवतीचा केर काढत होती, वरून हात फिरवून लिंपत होती, आणि आत काय आहे ते तिनं एकदाही बघितलं नव्हतं. माहेरी ती चौथी मुलगी. तिथं तिची म्हणून एक फणी होती, तिचेही दोन दात गेलेले. या घरात ती पाहुणी नाही हे कळायचा एकच रस्ता होता, आणि तो त्या झाकणाखालून जात होता.

मांडूळ तिनं पदरात घालून घरी आणलं.

कान्हानं मागं शहापुरातल्या वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलं होतं. ते तिनं घेतलं. वर झाकायला मोडकी चाळण, चाळणीवर पाटा. घर झालं. आता खाली काय घालायचं?

तिनं फार विचार केला नाही. जे जपायचं ते तुसात, हे तिला बाळपणापासून ठाऊक. अंडी तुसात, कोवळी काकडी तुसात. भाताचं तूस मऊ, हलकं, फुकट. तिनं दोन सुपं तूस ओतलं आणि मांडूळ वर ठेवलं.

तीन दिवस ते एका कोपऱ्यात तोंड घालून पडून राहिलं. आत शिरायला बघायचं आणि तूस घसरायचं. घर कसलं, उतरणीवर उभं केल्यासारखं. चौथ्या दिवशी तिनं पिंजऱ्यातला मेलेला उंदीर टाकला. मांडुळानं धरला, आणि उंदराबरोबर तोंडभर तूसही धरलं. मग उंदीर सोडून दिला आणि तोंड वासून राहिलं. तुसाला दोन्ही टोकांना काटे असतात, अंडं काही बोलत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. अर्धी दुपार सुंदरा गवताच्या काडीनं त्याच्या हिरड्यांतून एकेक तूस काढत बसली.

"अंडं नाय तो," गुणाबाई चुलीजवळून म्हणाली.

"मग काय घालू?"

"भाजलंय ना? भाजल्यावर काय लावतात?"

राख. विळा लागला, राख. पोळलं, राख. ढोराला जखम झाली, राख. सुंदरानं चुलीतली गार राख चाळली, पिठासारखी, आणि खोक्यात बोटभर पसरली. पाण्याला मातीचा एक पसरट परळ ठेवला. दोघी समाधानानं बघत राहिल्या. किती स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मांडूळ वेटोळं घालून परळात बसलेलं. अंगाला राख, परळात पाणी, दोन्हींचा चिखल झालेला, आणि भाजलेली जागा लालबुंद. सुंदरानं चिखलात बोट घातलं. बोट बुळबुळीत झालं, मग चुरचुरलं. तिला एकदम लक्षात आलं. सणाला कपडे उकळायचे तर राखेचंच पाणी घालतात. मळ निघतो. चामडीही निघेल.

तिनं ते सासूला सांगितलं नाही. सांगून काय, राख सासूची होती. तिनं मांडूळ तीन पाण्यांनी धुतलं आणि खोकं उन्हात उपडं घातलं. पण गुणाबाईनं बघितलं होतं. संध्याकाळी भाकरी थापताना ती आपणहून म्हणाली, "कोरड्याला चालते राख. ओल्याला नाय." तिच्या तोंडून चूक झाली असं याच्यापेक्षा जास्त कधी कोणी ऐकलं नाही.

रविवारी कान्हा आला. लढाईचे दिवस, वखारीवर रेल्वेसाठी रात्रंदिवस लाकूड कापत होते, माणूस सागाच्या भुशानं पिवळा होऊन यायचा. त्याला सगळी हकिकत कळली तेव्हा तो हसला.

"एवढंच ना? उद्या नाय, आताच देतो." पिशवीतून त्यानं भुसा काढला. चूल पेटवायला आणलेला. "सागाचा हाय. बघ कसा मऊ. साहेब लोकांचं बर्फ याच्यात घालून मुंबैहून येतं."

"बर्फाला नाक असतं का?" गुणाबाई म्हणाली.

"गप गो आये."

भुसा घातला. मांडूळ लगेच आत शिरलं, आणि सुंदराला रडायला आलं इतकं बरं वाटलं. पण दोन दिवसांनी खोक्यातून आवाज यायला लागला. फुस, टक. फुस, टक. मांडूळ वर आलेलं, तोंड थोडं उघडं, श्वास घेताना नाकपुडीपाशी बुडबुडा. पुढच्या रविवारी कान्हाला दाखवलं. तो वाकून ऐकायला गेला आणि सात वेळा शिंकला.

"वखारीवर असंच शिंकता का?" सुंदरानं विचारलं.

"पंधरा माणसं. दिवसभर." त्यानं नाक पुसलं. "आमाला कोणी खोक्यात ठेवून उंदीर घालत नाय, एवढाच फरक."

भुसा चुलीत गेला.

मग आला जाणू. ओढ्यापलीकडच्या कातकऱ्यांच्या वाडीतला म्हातारा, दर वर्षी यांची कवळं तोडायला यायचा. अंगणात बसून गुळाचं पाणी पिता पिता त्यानं खोक्यात डोकावलं.

"सूनबाय, मी घोरपड खातो. पाळत नाय. मना काय विचारतंस?"

"तुमी रानातले ना, जाणूबाबा."

"रानातला म्हणजे काय मी बिळात ऱ्हातो?" पण त्याला विचारलं हे आवडलं होतं. दाढी खाजवून म्हणाला, "खेकडा चार दिवस जिता ठेवायचा झाला तर आमी ओल्या रेतीत ठेवतो. ओढ्याची बारीक रेती. बघ करून."

रेती आली. ओली, गार, काळी. मांडूळ त्यात शिरेना. दाबून बसलेली रेती म्हणजे दगडच. ते वर पडून राहिलं, खालून ओल, वरून उकाडा, आणि तिसऱ्या दिवशी भाजलेल्या जागेच्या कडेनं पाण्याचे फोड आले.

जाणूनं फोड बघितले, डोक्यावरचं फडकं काढलं, परत बांधलं. "खेकडा तो खेकडा," म्हणाला. "माझं चुकलं, बाय." आणि त्या दिवशी गुळाचं पाणी न घेताच गेला.

आता वैशाख लागला होता. पेरणी धुळीत, म्हणजे कोरड्या जमिनीतच करायची, मृगाच्या आधी. महिना उरलेला. मांडुळानं तीन आठवडे काही खाल्लं नव्हतं. धरलं की दोरी धरल्यासारखं लागायचं, आधी मुसळ होतं.

त्या सकाळी सुंदरा खोकं डोक्यावर घेऊन शेतावर गेली. कोणाला सांगितलं नाही. तिनं मनाशी ठरवलं होतं. मरायचंच असेल तर त्याच्या जागी मरू दे. चहाच्या खोक्यात का? कणगीचं काय ते नंतर बघू. म्हणजे तिनं तसं मनाशी म्हटलं, पण वाटेत दोनदा थांबून डोळे पुसले, त्यातलं एकदा मांडुळासाठी होतं आणि एकदा कणगीसाठी.

राबाच्या कडेला तिनं त्याला खाली ठेवलं.

मांडूळ हळूहळू निघालं. राखेच्या थरापाशी आलं, तोंड लावलं, वळलं. बांधाकडे गेलं, तिथली माती टणक, वळलं. मग एका जागी आलं जिथं अर्धवट जळलेले बुंधे वेचताना तिनंच परवा खराट्यानं राख बाजूला केली होती. उघडी जमीन. लालसर. मांडुळानं तोंड खाली घातलं.

आणि गेलं. शिजलेल्या भातात बोट जावं तसं गेलं. डोकं, अंग, भाजलेली बाजू, शेपूट. दहा श्वासांत जमिनीवर काही नव्हतं.

सुंदरा गुडघ्यावर बसली आणि हात मातीखाली घातला. भाजलेल्या रव्यासारखी माती. भुसभुशीत. बोटांमधून गळत होती पण मुठीत राहत होती. वर कोरडी, चार बोटं खाली गार. एक मुंगी नाही, एक किडा नाही, एक गोचीड नाही, आगीनं सगळं साफ केलेलं. राब भाजतात ते यासाठीच की! बी रुजताना त्याला काही खाऊ नये म्हणून. हे तर तिला माहेरी असल्यापासून ठाऊक होतं. पण ते बियाण्याबद्दल ठाऊक होतं.

तिथंच राहू द्यावं असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात बांधावरून मुंगूस गेलं. उघडी जखम, अंगात पळायची ताकद नाही. तिनं दोन्ही हातांनी मांडूळ परत उकरून काढलं, खोक्यात घातलं, आणि धावत घरी आली पाटी न्यायला.

गुणाबाई दारात उभी होती.

"पाटी कशाला?"

"राबाखालची माती आणते. दोन पाट्या."

"राबाची माती उचलत नाय." गुणाबाईचा आवाज चढला. "दोन पाट्या म्हणजे केवढं आवण जातं, कळतंय? वर्षाचं कवळ, वर्षाचं शेण घातलंय त्यात. ते काय खोक्यात भरायला?"

सुंदरा दीड वर्षात सासूला उलट बोलली नव्हती. पाटी तिनं छातीशी धरली, जशी कोणी हिसकावणार आहे.

"आत्या, ज्याची जागा त्याच्याच खाली घालतेय. दुसऱ्याला नाय देत."

गुणाबाई दारातून बाजूला झाली.

"वरची राख झाडून घे आधी," गुणाबाई म्हणाली. "आणि चाळ. कोळसा टोचेल."

सुंदरानं राख झाडली, खालची माती खणली, चाळली. खोक्यात वीतभर थर केला. एका कोपऱ्यात हाताच्या ओंजळीनं थोडं पाणी शिंपडून ओलावा ठेवला, बाकी कोरडं, म्हणजे त्याला हवं तिकडे जाता येईल. मध्ये कौलाचा तुकडा. पाण्याला करवंटी मातीत पुरून बसवली. उंदीर आता मातीवर टाकायचा नाही हे तुसानं शिकवलेलंच होतं. तो पळसाच्या पानावर ठेवायचा.

मांडूळ आत गेलं आणि दिसेनासं झालं.

एक दिवस. तीन दिवस. सहा.

"मांडूळ पाळलंय का माती पाळलीय?" रविवारी कान्हानं विचारलं.

"उकरू नको," गुणाबाई म्हणाली. तिनं सुंदराला हे दिवसातून चारदा सांगितलं होतं. "बियाणं रुजलं का बघायला कोणी उकरतं का?"

पण नवव्या दिवशी सुंदरा पाणी घेऊन आली तर गुणाबाई खोक्याजवळ बसलेली, सुजलेला गुडघा लांब करून, कान लाकडाला लावलेला. सुंदरा दाराआडच थांबली.

"हलतोय," गुणाबाई म्हणाली. वळून न बघताच. "ये, ऐक. लांब काय उभी ऱ्हातेस?"

दोघींनी कान लावले. आत कोणीतरी तांदूळ निवडत असल्यासारखा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी पळसाचं पान रिकामं होतं.

पुढं सगळं सरळ झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मधे मांडुळाचे डोळे दुधासारखे पांढरे झाले आणि सुंदराला वाटलं आंधळं झालं. ओल जास्त झाली म्हणून एकदा सगळी माती बदलावी लागली, आणि आणखी एक पाटी गुणाबाईनंच न कुरकुरता आणवली. जाणू दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून यायचा, खोक्यात बघायचा आणि "अजून खेकडा नाय झाला" म्हणून जायचा. गुळाचं पाणी परत घ्यायला लागला.

मग एका सकाळी कौलाच्या कडेला कात अडकलेली दिसली. पातळ, फाटकी, दोन तुकड्यांत. भाजलेल्या जागेचे जळके खवले त्या कातीतच चिकटून निघालेले. खाली अंगाला वीतभर फिकट चामडी, नवी, बंद. तिथं खवले नीट नव्हते, पुढेही कदाचित नसतील. पण जखम नव्हती.

सुंदरानं कात पदरात ठेवून सासूला नेऊन दाखवली. गुणाबाईनं ती उजेडात धरली, उलटसुलट केली.

"डाग राहिला अंगावर."

"हां."

"राहू दे. ओळखता येईल."

मृगाला आठ दिवस होते. कान्हा घरी होता. तिघं शेतावर गेली, सुंदराच्या डोक्यावर खोकं. जाणू बांधावर आधीच येऊन बसलेला. कोणी बोलावलं नव्हतं.

सुंदरानं खोकं खाली ठेवलं. मग काठी घेतली आणि राबाच्या जमिनीवर मारली. एक. दोन. तीन.

"उठा रे बाबांनो."

"आता कसली आग हाय?" कान्हा म्हणाला.

"गप ऱ्हा," गुणाबाई म्हणाली. "मागची बाकी होती ती."

मांडूळ खोक्यातून निघालं. या वेळी त्यानं कुठं तोंड लावून बघितलं नाही. सरळ त्या लालसर तुकड्याकडे गेलं, जिथून तीन पाट्या माती उचलली होती तिथं थोडा खळगा होता, त्या खळग्यात तोंड घातलं. फिकट पट्टा एकदा उन्हात दिसला. मग नाही.

जाणूनं फडकं सारखं केलं. "गेला घरी."

सुंदरा उभी होती. तिनं सासूच्या हातांकडे बघितलं. रिकामे. कमरेला, ओटीत, कुठं सूप नाही, टोपली नाही. पेरणी आज नव्हतीच का? की गुणाबाई विसरली? ती विसरत नसे.

"आत्या," ती हळूच म्हणाली. "बियाणं?"

"कणगीत हाय."

"मग..."

"मग काय? मी आणू? या गुडघ्यानं?" गुणाबाई बांधावर बसली आणि पाय लांब केला. "झाकण जरा डावीकडं फिरवून उचलायचं. नाय तर लिंपण पडतं. आणि पायली भरून घे, भसकन हात घालू नको."

सुंदरा निघाली. चार पावलं चालली. मग पळायलाच लागली.

"पळू नको गो, सांडशील!" गुणाबाई मागून ओरडली.

"अजून काढलंय कुठं?" सुंदरानं न थांबता उत्तर दिलं, आणि बांधावर म्हातारा जाणू इतका हसला की त्याला खोकला आला.

माजघरात अंधार होता. तिनं झाकणाला हात लावला, जरा डावीकडे फिरवलं, उचललं. आतून गेल्या सालच्या भाताचा वास आला, कोरडा, उबदार. तिनं हळूच हात आत घातला. दाणे बोटांमधून गळत होते आणि मुठीत राहत होते.